अर्जाच्या तारखेपासून

ऑक्टोबर २०१८ ते जुलै २०२१. वकीलबाईंनी वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा मारत महिने मोजले. चौतीस भरले. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "एवढे दिवस का थांबलात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला रडू आलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून भेटेल त्या बाईला सांगत आले आहे, म्हणून इथेही सगळ्यात आधी तेच सांगते. पोटगी मिळते ती कोर्टात अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून. नवऱ्याने पैसे बंद केले त्या दिवसापासून नाही. माझ्या मुलांचे ते चौतीस महिने गेले ते गेलेच. ह्या अर्जावर ते आता परत मिळत नाहीत.

माझं सासर देवगड तालुक्यात, माहेर मालवण तालुक्यात, मध्ये एक खाडी. २००८ च्या मे महिन्यात लग्न झालं. हे मुंबईला एका खासगी कंपनीत मशीनवर होते. चाळीतल्या खोलीत दीर, त्यांचे दोन मित्र आणि हे असे चौघे राहायचे, म्हणून मी गावीच राहिले. गणपतीला, शिमग्याला आणि आंब्याच्या दिवसांत हे यायचे. आमच्याकडे कितीतरी घरांतली हीच रीत आहे आणि मला तिच्यात काही वावगं वाटत नव्हतं. दर महिन्याला पैसे यायचे. मोठी २००९ ची, धाकटा २०१३ चा.

सासऱ्यांच्या कातळावर साठ-एक हापूसची कलमं होती. २०१५ मध्ये सासरे गेले आणि सातबारावर सासूबाई, हे, दीर आणि नणंद अशी वारसांची नोंद झाली. बाग मात्र बघायची मी. फवारणीला गडी सांगायचे, मोहोर आला की राखण, मार्चपासून काढणी, मग पडवीत बसून गवत पसरून पेट्या भरायच्या. टेम्पो रात्री यायचा, पेट्या वाशीला जायच्या. आठ-पंधरा दिवसांनी दलालाकडून पट्टी यायची: किती पेट्या, काय भाव, भाडं, हमाली, दलाली वजा जाता हातात किती. पट्टी ह्यांच्या नावाची आणि पैसेही ह्यांच्या खात्यात. मी फक्त वहीत लिहून ठेवायची आणि पट्ट्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण कागद फेकायचा नाही ही माझ्या वडिलांची शिस्त.

२०१८ च्या गणपतीत हे आले तेव्हा फोन सतत हातात. बोलायला पडवीतून खळ्यात, खळ्यातून वाटेवर. विसर्जनानंतर गेले आणि पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. दिवाळीला नाहीत. फोन केला तर "कंपनीत प्रॉब्लेम आहे" म्हणाले. जानेवारीत दिराच्या बायकोनेच मला सांगितलं की खोली सोडून हे दुसरीकडे राहायला गेलेत आणि एकटे नाहीत. तिने सांगितलं म्हणून तिच्यावर घरात सगळे चिडले. मी विचारलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, जेवणाचं वेगळं काढलं, आणि २०१९ च्या मे महिन्यात, आंबे संपल्यावर, मला सांगण्यात आलं की थोडे दिवस माहेरी जाऊन ये. दोन मुलं, कपड्यांच्या दोन पिशव्या आणि तो डबा. डबा मी का घेतला हे मला आजही नीट सांगता येत नाही.

थांबण्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. आई म्हणायची, "बाये, जरा कळ काढ. शिमग्याक येतले ते." भावाचं लग्न ठरत होतं, त्याच्या सासरच्यांना काय वाटेल. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं, "चुकलेलो आसा तेका वाटेर हाड रे म्हाराजा," आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं तेव्हा मला खरोखर धीर आला होता. तो धीर खोटा होता असं मी म्हणणार नाही, पण त्याने शाळेची फी भरली जात नव्हती. सासरच्या गावात मानकऱ्यांची बैठक झाली. दर महिन्याला दोन हजार पाठवायचे असं ह्यांनी फोनवरून कबूल केलं. दोन महिने आले, मग बंद. मग कोरोना आला आणि सगळंच थांबलं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आईच्या घराची अर्धी कौलं उडाली. वीज कितीतरी दिवस नव्हती. रात्रभर मुलांना घेऊन मी चुलीजवळच्या कोपऱ्यात बसले होते. सकाळी शेजारच्या वाडीत जाऊन, जिथे रेंज होती तिथून, ह्यांना फोन लावला. पैशासाठी नाही, मुलं सुखरूप आहेत एवढं सांगायला. त्यांनी उचलला नाही, आणि पुढचे दोन महिने स्वतःहूनही केला नाही. वादळात कोकण उद्ध्वस्त झालं हे टीव्हीवर मुंबईतही दिसत होतं.

माझी आत्या तेव्हा सत्तरीची होती. ती स्वतः टाकलेली. हा शब्द वाईट आहे, पण तिच्यासाठी लोक तोच वापरत आले. तिच्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये पोटगीला महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीत ती काढली गेली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की फार तर शंभर-दीडशे मिळतील आणि जाण्यायेण्यातच तेवढे संपतील. ती गेलीच नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबली. ती मला म्हणाली, "लोक तुझ्या पोरांक जेवक घालूक येवचे नाय. अर्ज घाल."

वाडीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं काम चालतं आणि बाईला तिथे फुकट वकील मिळतो. मला वाटलं त्यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत असेल. लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात महिला आणि मुलं उत्पन्न न बघता पात्र आहेत. कमावती असली तरी. साध्या छापील अर्जावर नाव, पत्ता, कशासाठी वकील हवा ते लिहिलं, आधार कार्डाची झेरॉक्स जोडली. आठवड्याभरात वकीलबाईंचं नाव कळलं. पोटगीच्या अर्जाला महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी भरावी लागत नाही, हेही तिथेच कळलं. ज्यांना तालुक्याला जाता येत नाही त्यांच्यासाठी १५१०० हा कायदेविषयक मदतीचा फोन आहे.

फुकटचा वकील लक्ष देत नाही असं मला चार जणांनी ऐकवलं होतं. माझा अनुभव तसा नाही. ह्या बाईंनी एका तारखेलाही चुकवलं नाही, आणि कधी चहाचे पैसेसुद्धा माझ्याकडून घेतले नाहीत.

त्यांनी पहिल्याच दिवशी माझी एक मोठी भीती घालवली. मला वाटायचं की नवरा मुंबईला म्हणजे केस मुंबईला. तसं नाही. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात हा अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालीही मागता आलं असतं, त्यात संरक्षण अधिकारी मदत करतात आणि घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. पण मला त्या घरात परत जायचं नव्हतं, म्हणून आम्ही कलम १२५ घेतलं. (१ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं कलम १४४ झालं आहे. आमच्या कोर्टात अजूनही सगळे "एकशेपंचवीस" च म्हणतात.)

आमचं लग्न नोंदवलेलं नव्हतं. लग्नपत्रिका, मुहूर्ताचे फोटो, सासरचं रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड, त्यावर वडिलांचं नाव. एवढ्यावर भागलं. ९ ऑगस्ट २०२१ ला, सोमवारी, अर्ज दाखल झाला. त्यावर पडलेला शिक्का मी कितीतरी वेळ बघत राहिले. त्या दिवसापासून माझ्या मुलांचा महिना मोजला जाणार होता.

पण समोरचा माणूस कोर्टात यायला तर हवा. पहिली नोटीस "पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत आली. दुसरी "घर बंद". मधे दीड-दोन महिन्यांची तारीख. प्रत्येक तारखेला पहाटे उठून वस्तीची एसटी पकडायची, दहा वाजता कोर्टाच्या पडवीत बसायचं, पुकारा होईपर्यंत पाणी प्यायलाही उठायचं नाही, आणि साडेबारा वाजता कळायचं की नोटीस बजावली गेली नाही. काजूच्या कारखान्यात मी तेव्हा रोजावर होते, दिवसाला अडीचशे. तारीख म्हणजे अडीचशे गेले आणि तिकीट वेगळं. तिसऱ्या वेळी वकीलबाईंनी कंपनीचा पत्ता द्यायला सांगितलं. तो माझ्याकडे एका जुन्या बोनसच्या पाकिटावर होता, त्याच डब्यात. नोटीस कंपनीत गेली आणि त्याच आठवड्यात बजावली गेली. नवऱ्याच्या राहण्याचा पत्ता माहीत नसेल तर कामाचा पत्ता द्या; माणूस घर बदलतो, पण नोकरी इतक्या सहज सोडत नाही.

हे चौथ्या तारखेला आले. साडेतीन वर्षांनी मी त्यांना समोरासमोर बघत होते. बारीक झाले होते. मला वाटलं होतं मला राग येईल; आला नाही, छातीत नुसतं धडधडत होतं.

त्यांचं म्हणणं दाखल झालं ते असं: ही स्वतःहून घर सोडून गेली. हिला कामाचे पैसे मिळतात. मला पगार बारा हजार. माझ्या नावावर काहीही मालमत्ता नाही. आणि तरीही मी हिला नांदवायला तयार आहे.

ह्यातलं शेवटचं वाक्य ऐकून आई हरखली. "बघ, बोलावतत." मला समजावून घ्यायला दोन दिवस लागले की हे बोलावणं नव्हे. पुरेशा कारणाशिवाय बायको नांदायला नकार देत असेल तर तिची पोटगी नाकारता येते, म्हणून जवळजवळ प्रत्येक नवऱ्याच्या म्हणण्यात ते वाक्य असतं, असं वकीलबाई म्हणाल्या. पण नवरा दुसऱ्या बाईबरोबर राहत असेल तर नांदायला न जाणं हे कायद्यानेच रास्त कारण मानलं आहे. आणि काही झालं तरी मुलांची पोटगी ह्या भांडणात अडकत नाही, ती त्यांची स्वतःची असते. न्यायाधीश साहेबांनी आम्हाला मध्यस्थीसाठी पाठवलं. तिथे मी एवढंच विचारलं, "मी आले तर कुठल्या घरात राहू?" ह्यांनी उत्तर दिलं नाही. मध्यस्थी तिथेच संपली.

पगाराची गोष्ट मात्र लांबली. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा ह्या प्रकरणात ठरवून दिलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च शपथेवर लिहून द्यायचा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही त्याच निकालात आहे. तेव्हा मलाही ते शपथपत्र भरावं लागलं. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, रोज लिहू नकोस, काही मिळत नाही असं सांग. मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहायचं. शपथेवर खोटं लिहिलं आणि त्यांनी कारखान्याचं हजेरीपत्रक आणलं तर तुमची खरी गोष्टही खोटी ठरेल. आणि पोट भरण्यापुरतं कमावलं म्हणून पोटगी जात नाही." मी अडीचशे रुपये रोज लिहिला, वर्षात किती दिवस काम असतं तेही लिहिलं.

ह्यांनी लिहिलं: पगार बारा हजार, मालमत्ता निरंक.

त्या रात्री मी डबा उघडला. २०११ पासूनच्या पट्ट्या होत्या, काहींना झुरळं लागलेली, शाई पुसट झालेली, पण ह्यांचं नाव आणि पेट्यांचा आकडा दिसत होता. २०१९ ची शेवटची पट्टी तर मी घर सोडण्याच्या आधी पंधरा दिवसांची. सोबत माझ्या अक्षरातली वही: कुठल्या तारखेला किती पेट्या गेल्या, फवारणीला काय खर्च आला. सकाळी भावाने मोबाईलवर सातबारा काढला. ह्यांचं नाव सामाईकात होतंच. तलाठ्यांकडून सही-शिक्क्याची प्रत घेतली. मी वकीलबाईंच्या टेबलावर सगळं ठेवलं तेव्हा त्या बराच वेळ एक-एक पट्टी उलटत होत्या. मग म्हणाल्या, "हे तुम्ही जपून ठेवलंत?" मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कातळावर उन्हात मी जे केलं त्याची कुठेतरी नोंद आहे.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज, कायद्यात लिहिल्याप्रमाणे, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायचा असतो. आमचं तसं झालं नाही. एप्रिल २०२२ मध्ये आदेश झाला: मला तीन हजार, मुलांना दीड-दीड हजार, महिना सहा हजार, अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे त्या दिवशीच नऊ महिन्यांचे चोपन्न हजार थकले होते. ह्यांनी दहा हजार भरले आणि पुढचे कधी दिले, कधी नाही.

आदेश झाला म्हणजे पैसे येतात असं मला वाटत होतं. येत नाहीत. प्रत्येक थकबाकीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. मला हे माहीत नव्हतं. "देतील, देतील" करत मी अकरा महिने काढले. वकीलबाईंनी मार्च २०२३ मध्ये फाईल चाळताना तारीख पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावून सही घेतली. आणखी थोडे दिवस गेले असते तर माझ्या हातानेच ती रक्कम सुटली असती. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ज्या महिन्याचे पैसे आले नाहीत त्या महिन्यावर माझी मुलगी, मोठी, लाल फुली मारते. हे काम तिने स्वतःहून घेतलं. तिने घेऊ नये असं मला वाटायचं, पण तिला थांबवलं नाही.

उलटतपासणीबद्दल सांगायला हवं, कारण बायका तिलाच सगळ्यात घाबरतात. आपली सरतपासणी, म्हणजे आपलं स्वतःचं सांगणं, प्रतिज्ञापत्रावर आधीच लिहून दिलेली असते. मग समोरचे वकील विचारतात. "तुम्ही स्वखुशीने घर सोडलंत हे खरं आहे का?" "नाही." "तुमचे सासरच्यांशी पटत नव्हते म्हणून तुम्ही गेलात?" "नाही." तासभर तेच वेगवेगळ्या तऱ्हेने. एकदा त्यांनी विचारलं, "आंब्याच्या बागेचं सगळं तुम्हीच बघत होता, म्हणजे त्याचं उत्पन्न तुम्हीच घेत होता?" मी म्हणाले, "पट्टी बघा साहेब, पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले ते तिच्यावर लिहिलंय." न्यायाधीश साहेबांनी पट्टी मागून घेतली, वाचली आणि टायपिस्टला माझं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. वकीलबाईंनी मला तीनच गोष्टी शिकवल्या होत्या: विचारलं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, आणि रडू आलं तर पाणी मागायचं. पाणी मी दोनदा मागितलं.

ह्यांच्या उलटतपासणीत बँकेचा उतारा पुढे आला. पगार एकतीस हजार जमा होत होता.

त्या पडवीत माझ्या शेजारी अनेकदा एक मुस्लिम ताई बसायच्या, बंदराकडच्या. तलाक झालेला, तीन मुली. त्यांना समाजातल्या लोकांनी सांगितलं होतं की तुमच्यासाठी हे कलम नाही. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम महिलाही कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. त्यांच्या वकिलाने तो निकाल पुढे ठेवला त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना नारळाच्या वड्या आणल्या होत्या. कोर्टाच्या पडवीत बायकांची एक ओळख होते. कुणाची तारीख कधी, कुणाचा नवरा आला, कुणाची नोटीस परत आली, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्या बाकावर जेवढा आधार मिळाला तेवढा नात्यात मिळाला नाही, हे मी मनापासून लिहिते आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला. मला पाच हजार, मुलांना साडेतीन-साडेतीन, महिना बारा हजार, ९ ऑगस्ट २०२१ पासून. खर्चाचे पाच हजार वेगळे. एकतीस महिन्यांचे तीन लाख बहात्तर हजार, त्यातून तोवर मिळालेले अठ्ठ्याऐंशी हजार वजा, बाकी दोन लाख चौऱ्याऐंशी हजार. ह्यांनी ओरोसला सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज केला. स्थगिती मिळाली नाही. मी मार्चमध्येच वसुलीचा अर्ज टाकला.

जप्तीचं वॉरंट परत आलं, अटकेचं वॉरंट दोनदा परत आलं. मुंबईतल्या त्या पोलीस ठाण्यात माझा कागद कुठेतरी ढिगात पडून असायचा. मग सप्टेंबर उजाडला. हे गणपतीला गावी येणार हे मला माहीत होतं. ७ तारखेची चतुर्थी. वकीलबाई म्हणाल्या, आपल्या पोलिसांना कळवा, घरी सापडतील. मी तीन रात्री झोपले नाही. शेवटी ठरवलं की गौरी-गणपतीचं विसर्जन होऊ दे. घरात देव बसलेला असताना त्या घरातल्या माणसाला न्यावं हे मला सहन झालं नसतं. मी स्वतः दहा वर्षं त्या घरात गौरीला ओवसा दिला आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. ह्यांची परतीची गाडी त्या संध्याकाळची होती.

कोर्टाने विचारलं, पैसे भरता का? ह्यांनी नाही म्हटलं. थकलेल्या महिन्यांसाठी एक महिना कैद, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोपर्यंत. सावंतवाडीला नेलं. त्या दिवशी सासूबाईंनी गावातल्या एकीच्या फोनवरून मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं. धाकट्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण शाळेत कुणीतरी सांगितलं. तो घरी आला, दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आपल्यामुळे पप्पांना पकडलं?" मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "आपल्यामुळे नाही. त्यांनी तुझे पैसे दिले नाहीत म्हणून." त्याला ते पटलं की नाही मला माहीत नाही. माझ्या सगळ्या केसमधलं सगळ्यात कठीण उत्तर तेच होतं, उलटतपासणीतलं कुठलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दीर एक लाख वीस हजार घेऊन आले. बागेचा आगाऊ करार करून उचललेले होते ते. उरलेल्याची पुरशिस, म्हणजे कोर्टात लेखी कबुली, दिली: दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत बारा हजार माझ्या खात्यात, आणि थकबाकी फिटेपर्यंत दर वर्षी ३१ मेला आंब्याच्या पैशातून साठ हजार. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे त्यांना साहेबांनी समजावून सांगितलं, आणि मला वाटतं ते त्यांना तेव्हाच पहिल्यांदा समजलं. तेव्हापासून पैसे येतात. दोन वेळा उशीर झाला, पण आले. २०२५ च्या मेमध्ये साठ हजारही आले.

मोठी दहावी झाली. तिला सायन्सला जायचं आहे, कॉलेज लांब, एसटीचा पास, क्लास, पुस्तकं. साडेतीन हजारांत बसत नाही. परिस्थिती बदलली की रक्कम वाढवून मागता येते, नव्या संहितेत ते कलम १४६ मध्ये आहे. सज्ञान झाल्यावर ह्या कलमाखालची तिची पोटगी थांबेल, पण अविवाहित मुलगी म्हणून १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली तिला मागता येतं, तेही मी आत्ताच विचारून ठेवलं आहे.

अकरावीच्या फीची पावती तिने स्वतःच डब्यात ठेवली. पावती २ जुलै २०२५ ची आहे. वाढीचा अर्ज ७ जुलैचा.